पोतदार म्हणजे कोण?

माझं माहेरचं आडनाव पोतदार. नागपुरात लग्नाच्या मांडवात कुणी नव्यानं भेटलं आणि नाव सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "पोतदार म्हणजे कोण जी तुम्ही?" विचारणाऱ्याला जात हवी असते. पण या प्रश्नाचं एक खरं उत्तर आहे आणि ते जातीचं नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

पोत म्हटलं की गळ्यातली काळ्या मण्यांची पोत आठवते, कापडाचा किंवा जमिनीचा पोत आठवतो, भवानीच्या गोंधळातला पेटता पोत आठवतो. आडनावातला पोत यांतला एकही नाही. तो फारसी 'फोता': पैशाची थैली, सरकारी वसुली. ती सांभाळणारा फोतेदार. मराठीत त्याचा पोतदार झाला, मारवाडी आणि बंगाली लोकांत पोद्दार, आणि काश्मिरात तो फोतेदारच राहिला. कुणी माझं नाव 'पोद्दार' असं लिहून घेतलं तर मला वाईट वाटत नाही ते यामुळेच.

मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात पोतदाराचा अर्थ नेमका दिला आहे. सरकारी खजिन्यात भरणा होणारं नाणं पारखणारा अधिकारी, आणि गावचा सोनारही. आज हे काम किरकोळ वाटेल, कारण आज रुपया म्हणजे रुपया. अठराव्या शतकात तसं नव्हतं. चांदवडी, अंकुशी, सुरती, अर्काटी, आपला नागपुरी, असे कितीतरी रुपये चालायचे. टाकसाळी अनेक, चांदी कमीजास्त, झीज वेगळी. एका मुलखाचा रुपया दुसरीकडे चालवायचा तर बट्टा, म्हणजे किमतीतली घट, कापला जायचा. कुणब्यानं भरलेला सारा पुरता की अपुरा, हे पोतदाराच्या शब्दावर ठरायचं. त्यानं चांगलं नाणं खोटं ठरवलं तर शेतकरी बुडाला, खोटं चालवून घेतलं तर खजिना बुडाला. दोन्ही बाजूंनी विश्वास लागणारं काम होतं ते.

इतवारीच्या सराफा ओळीत एका वयस्कर सराफांनी मला ही पारख करून दाखवली. जुना चांदीचा रुपया बोटाच्या टोकावर तोलून धरला, दुसऱ्या नाण्याच्या कडेनं हलकेच ठोकला आणि माझ्या कानाजवळ आणला. नाद कितीतरी वेळ लांबत गेला. मग भेसळीचा घेतला. "हा बद्द वाजते, पाहा." खऱ्या रुपयावर बारीक बारीक ठसे होते, कधीकाळी कुण्या पारख्यानं तपासून उमटवलेले. खणखणीत बोलणं, माणसाचा कस, नावाला बट्टा लागणं, हे सगळं आपण या धंद्यातूनच उचललेलं आहे.

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं आपल्या मुलखात एकाच वजनाचा, एकाच कसाचा रुपया आणला. १८५४ मध्ये भोसल्यांचं नागपूरचं राज्य खालसा झालं. पोतदाराचं काम हळूहळू सरलं, आडनाव तेवढं उरलं.

हे काम गावात सोनाराकडे असे, दरबारी आणि परगण्याच्या कचेऱ्यांत इतरांकडेही. म्हणून पोतदार आज एकाहून जास्त जातींत सापडतात, आणि आडनावावरून जात काढू पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ही सवय मला मनापासून खटकते. हुद्दा होता, कसब होतं, जोखीम होती. ते सगळं पुसून आपण फक्त 'आपल्यातले की नाही' एवढंच विचारतो. महालातल्या चिटणवीसपुऱ्यातून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे, की चिटणवीस म्हणजे दरबाराचा पत्रव्यवहार लिहिणारा? शाळेत मुलांना गावगाडा शिकवतो, तेव्हा वर्गातल्याच आडनावांचे अर्थ का सांगत नाही?

एक विनंती. ज्यांच्या घरी भोसल्यांच्या काळातले मोडी कागद असतील, वसुलीच्या पावत्या, सनदा, हिशेबाच्या वह्या, त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नका. मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. त्यात पोतदार, पोतनीस (खजिन्याचा हिशेब लिहिणारा), बट्टा असे शब्द दिसले तर त्या पानाचा फोटो मला जरूर पाठवा.