६१७४ला चमत्कार म्हणू नका

इथे वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या एका गणेशोत्सवात मुलांसाठी ‘गणिताची जादू’ असा कार्यक्रम होता. भाचीला घेऊन गेलो होतो. वक्त्यांनी ६१७४ छान करून दाखवला: चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करायची, उत्तरावर तेच पुन्हा पुन्हा, शेवटी ६१७४च येतो. तो शोधणारे गणितज्ञ कापरेकर यांचं नाव घेतलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, ६, १, ७, ४ मिळून १८, १ आणि ८ मिळून ९, आणि ९ हा शुभांक, म्हणून सगळं इथेच येऊन थांबतं. भाचीने हात वर केला, “पण असं का होतं?” उत्तर आलं, “चमत्काराला का विचारायचं नसतं, बेटा.”

मला ते फार लागलं. द. रा. कापरेकरांनी देवळालीच्या शाळेत मास्तरकी करता करता १९४९मध्ये हे शोधलं. १९७५मध्ये अमेरिकी गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात लिहिलं तेव्हा ते जगभर पोचलं. त्या कष्टांना शुभांकाचं कुंकू लावून मोकळं व्हायचं?

घरी येऊन वही काढली. भाचीचं जन्मसाल २०१४. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या, आणि वजाबाकी: ४२१० वजा ०१२४, उत्तर ४०८६. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६. इथे तिचा धीर सुटला, “मामा, हे येतच नाहीये.” गुजरातीत आकडे पुटपुटत, हातचे मांडत ती पुढे गेली: ६२६४, ४१७६, आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. सातापेक्षा जास्त पायऱ्या कुठल्याच चार अंकी संख्येला लागत नाहीत. चारही अंक सारखे नकोत एवढीच अट, आणि उत्तर तीन अंकी आलं तर डावीकडे शून्य धरायचं.

आता ‘का’. टोकांच्या अंकांतला, म्हणजे सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान अंकातला फरक ९९९ने गुणा, मधल्या दोघांतला फरक ९०ने, आणि बेरीज करा. झाली ती वजाबाकी! ७६४१मध्ये टोकांचा फरक ६, मधला २: ५९९४ अधिक १८०, म्हणजे ६१७४. सुरुवात कुठूनही करा, पहिल्या वजाबाकीची उत्तरं ५४च संभवतात. ती ५४ एका रविवारी हाताने तपासून होतात, आणि सगळी इथेच पोचतात. हीच सिद्धता. ९९९ आणि ९० दोन्हींना ९ने भाग जातो, म्हणून प्रत्येक उत्तरालाही जातो, आणि अशा संख्येच्या अंकांची बेरीज करत गेलं की ९च उरतो. शुभांकाचं रहस्य एवढंच.

काही जण म्हणतात, हा दशमान पद्धतीचा खेळ, यात खोल काही नाही. मला पटत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला सिद्धता म्हणजे काय ते स्वतःच्या हाताने कळतं, याहून खोल काय हवं?

आणि कौतुकच करायचं तर हे करा. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नाव कापरेकरांनीच दिलं. ६१७४ला १८ने भागा: ३४३, म्हणजे सातचा घन. शिवाय १८, १८चा वर्ग आणि १८चा घन यांची बेरीजही ६१७४. मी ती तीनदा करून पाहिली, आनंदासाठी.

काल रात्री भाचीचा फोन. ती पाच अंकी संख्या घेऊन बसली होती. “मामा, ५३९५५वरून ५९९९४ येतो, आणि त्यावरून परत ५३९५५! बाहेरच पडत नाहीत!” पाच अंकांना असा एकच मुक्काम नाही, हे मला माहीत होतं. तिला मी सांगितलं नव्हतं.