मासुंद्याकाठचं चर्च आणि तो फॉरवर्ड

सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. थोडक्यात असा: ठाण्यातली चर्च इंग्रजांनी रेल्वेबरोबर आणली, इथले ख्रिस्ती तेव्हाच बाहेरून येऊन वसले, मराठ्यांनी तर त्याआधीच साष्टीतले (ठाणं आणि मुंबईची उपनगरं ज्यावर आहेत त्या बेटावरचे) ख्रिस्ती संपवले होते, आणि यांचे सणही विलायती. मी ठाण्यातला ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजातला. दोनदा सोडून दिलं, आता नाही.

आधी रेल्वे. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली १८५३ साली. इंग्रजांनी ठाणं जिंकलं १७७४ च्या डिसेंबरात. वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली १५३४ च्या तहाने, आणि मासुंदा तलावाच्या, म्हणजे तलावपाळीच्या, काठचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च त्या पोर्तुगीज अमलातलं. त्याच्याही मागे जायचं, तर १३२१ साली फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे चार साधू इथे मारले गेले. ते चीनकडे निघालेले वाटसरू, पण ठाण्यात उतरले ते नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी. म्हणजे ओसरी द्यायला कुणीतरी आधीपासून होतंच.

'बाहेरून आले'? धर्म बाहेरून आला. माणसं इथलीच: कोळी, कुणबी, भंडारी. पोर्तुगीजांनी देवळं पाडली, जबरदस्तीही केली, ते झाकायचं मला कारण नाही. 'ईस्ट इंडियन' हे नाव मात्र खरंच इंग्रजी अमदानीतलं. नोकरीसाठी मुंबईत आलेल्या गोवेकरांपासून वेगळं ओळखता यावं म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, ते घेतलं. पाटी तेव्हा बदलली, घर जुनंच.

मराठ्यांनी ठाणं १७३७ मध्ये घेतलं, वसई १७३९ मध्ये. चर्चच्या घंटा नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात टांगलेल्या घंटेवर १७२१ साल आजही वाचता येतं. बरीच चर्च ओस पडली. पण १७३९ च्या वसईच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मुभा होती. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे अडचणीचं, कारण चिमाजी आप्पांना तो मानतो, त्यांनी केलेला तह मात्र गाळतो.

आणि विलायती सण! लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या बायका लुगडी नेसून वाजतगाजत विहिरीवर जातात, 'उंबराचं पाणी' आणतात, त्याच पाण्याने नवरानवरीची आंघोळ. ऑक्टोबरात आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या वेदीपाशी ठेवून आशीर्वाद घ्यायचा, मग तांदूळ दूध-गुळात शिजवायचा. लंडनमध्ये कुठे भात पिकतो, ते मेसेजवाल्याने सांगावं.

अडचण निराळीच आहे. आमच्या शेतांवर टॉवर उभे राहिले, त्यामुळे आगेऱ्याच्या लोंब्या आता भिवंडीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून मागवतो. तो वारकरी आहे. दरवर्षी पेंढी बांधून ठेवतो आणि पैसे घेत नाही.