ऊन जास्त म्हणून वाइन भारी? हा मेसेज पाहून बाग तोडू नका

गावच्या ग्रुपवर मेसेज फिरून राहिला, की तापमान वाढलं तर द्राक्षात साखर वाढते, साखरेनं वाइन भारी होते, युरोपातही गरमीनं वाइन सुधारली, आपली विदर्भाची हवा कोरडी म्हणून रोग नाही, तर संत्रा काढा अन् द्राक्ष लावा. लोक खरं मानून राहिले म्हणून लिहितो.

साखर वाढते, बरोबर. पण गरमीत मण्यातलं मॅलिक आम्ल जळते, सामू (pH) चढतो म्हणजे आंबटपणा उतरतो, अन् वाइन लवकर खराब व्हायचा धोका वाढतो, जास्त साखरेचं अल्कोहोलही जास्त होते. काळ्या द्राक्षाचा रंग तर ३५ अंशांवर नीट भरतच नाही. टार्टरिक ॲसिड टाकून आंबटपणा आणता येईल, वास कुठून आणणार?

युरोपाचं अर्धंच सांगितलं. इंग्लंडमध्ये आधी थंडी जास्त होती, तिथं फायदा झाला. पण २८ जून २०१९ ला दक्षिण फ्रान्समध्ये पारा ४६ वर गेला तेव्हा वेलीवरच पानं-घड करपले, अन् बोर्डोनं २०२१ मध्ये गरमी सोसणाऱ्या नव्या जाती मंजूर केल्या त्या काय हौसेनं?

आता आपलं, अन् मेसेजची मोठी चूक इथंच आहे. आपल्याकडं द्राक्षाची छाटणी दोनदा, एप्रिलमध्ये काडी तयार करायला खरड छाटणी अन् ऑक्टोबरमध्ये फळ धरायला गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होते, म्हणजे आपला मे महिना! नागपूरनं मे २०१३ मध्ये ४७.९ पाहिलं. एवढ्या उन्हात पान अन्न बनवणं जवळपास थांबवते, कोवळी फूट वाळते, मग घड भरणार काहून? नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंच, नागपूर तीनशे, तो फरक ठिबकनं भरत नाही. अन् ठिबकला पाणी तरी कुठलं, वरुड-मोर्शीत बोअर खोल खोल नेऊन संत्रा जगवून राहिले लोक.

कोरड्या हवेचं म्हणाल तर फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट विसरले का? द्राक्ष पिकते तेव्हाच आली होती ती. पिकल्यावर पाऊस आला की मणी तडकते, फुलोऱ्यात आला की डावणी हा बुरशीचा रोग.

लावायचंच असेल तर आधी पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला आपलं गाव, माती, पाणी सांगून विचारा, थोड्या वेली लावून एक मे महिना काढू द्या, तोवर संत्र्याला हात लावू नका.