आगोट भरली म्हणजे झालं?

गावच्या ग्रुपवर चार दिवस एकच वाद चालू आहे. पुतण्याने सुचवलं, पावसाआधी प्रत्येक घराने गरजेच्या वस्तूंची एक पिशवी भरून दाराशी टांगावी. नानाकाकांनी उत्तर दिलं, "कोकणी माणसाला हे शिकवायला नको. आपण पिढ्यान्‌पिढ्या आगोट भरतो." आगोट म्हणजे पावसाळ्यापुरती घरात भरून ठेवलेली बेगमी. खाली अंगठ्यांची रांग. माझा राग अजून गेलेला नाही.

नानाकाका, आईबरोबर सुकट-सोडे निवडण्यात माझेही मे महिने गेलेत. पण आगोट भरतात ती घर जागेवर राहील असं धरून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात कौलं, पत्रे उडवले. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी घरात शिरली, वीज गेली, फोनची रेंज गेली. तेव्हा तांदळाची कणगी घेऊन कोण माळ्यावर चढणार? तिथे बॅटरी हवी, प्रेशरच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड, सुटे पैसे, शिट्टी. विहीर पुरात बाटते, म्हणून क्लोरीनचं औषध. चाकू-दोरखंड नकोत. घरातल्या म्हातारीला अंधारात उघडून वापरता येईल, तेवढंच भरायचं.

इथे स्वीडनमध्ये २०२४ च्या नोव्हेंबरात सरकारी पत्रक घरोघर आलं: संकट आलं तर आठवडाभर आपलं आपण निभवा. माणशी रोज तीन लिटर पाणी, हाताने फिरवायचा रेडिओ, रोकड. यात कुणाला वाडवडिलांचा अपमान दिसला नाही. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी दुपारी तीनला धोक्याच्या इशाऱ्याचा भोंगा चाचणीसाठी वाजतो, तेव्हा मी डब्यांवरच्या तारखा बघून घेतो.

यावर काका म्हणाले, "तू तिकडे बसून सांगू नको." ते लागलं. निसर्गनंतर आपल्या वाडीतली पोरं न बोलावता कोयते घेऊन रस्त्यावरचे माड तोडत होती. इथे भोंगा खरोखरीचा वाजला तर माझं दार कोण ठोठावेल, मला सांगता येत नाही. माझी पिशवी भरलेली आहे आणि शेजार रिकामा आहे. तुमच्याकडे शेजार आहे, पण म्हणून पिशवीला नाही म्हणू नका.

आईच्या पिशवीची यादी पुतण्याला पाठवली आहे. गोळ्या दर महिन्याला बदलायच्या, हे खरं तर माझं काम होतं. नानाकाका, रात्री खाडीचं पाणी चढलं तर तिच्याकडे आधी तुम्हीच पोहोचणार. पिशवी कुठल्या खुंटीला आहे, तेवढं बघून ठेवा.