नव्या कराराची पुस्तके निकियात मतदानाने ठरली नाहीत

‘सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेत मतदान घेऊन बायबलमधली पुस्तके ठरवली’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. निकिया (आजच्या तुर्कस्तानात) इथली बिशपांची ही परिषद सम्राटानेच बोलावली, हे खरे. पण वाद होता आरियस या धर्मगुरूच्या शिकवणीचा: पुत्र (येशू) पित्याच्याच (देवाच्याच) तत्त्वाचा, की निर्माण केलेला? त्यातून मतांगीकार (श्रद्धेचे अधिकृत विधान) तयार झाला. ईस्टरच्या तारखेचाही निर्णय झाला. परिषदेच्या २० नियमांत पुस्तकांच्या यादीचा उल्लेखसुद्धा नाही. चार शुभवर्तमाने (येशूच्या जीवनाचे वृत्तांत) आणि प्रेषित पौलाची पत्रे ख्रिस्ती मंडळ्यांत कितीतरी आधीपासून वाचली जात होती. नव्या कराराच्या (बायबलच्या दुसऱ्या भागाच्या) आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या इ.स. ३६७ च्या पत्रात. निकियात वेदीवरून खोटे ग्रंथ आपोआप खाली पडले आणि खरे वर राहिले, ही कथा (रंजक आहे खरी!) परिषदेनंतर काही शतकांनी लिहिलेली आहे.