मुलाने सोडलेला पिवळा बलक

ज्या घरात मूल अंड्याचा फक्त पांढरा भाग खाते, त्या घरात उरलेला पिवळा बलक बहुधा आईच्या पोटात जातो, आणि तिलाही नको झाला तर ओट्यावरच्या वाटीत संध्याकाळपर्यंत सुकून कचऱ्याच्या डब्यात. मला ही दोन्ही टोके पटत नाहीत. रोज एक-दोन बलक उरणार हे ठाऊकच असेल, तर तो स्वयंपाकाचा एक जिन्नस समजून त्याचा विचार भाजीसारखा आदल्या दिवशीच करावा.

मुलाला पांढऱ्याचे ऑम्लेट चालत असेल, तर अंडे उकडण्याऐवजी फोडून बलक कच्चाच वेगळा काढावा, कारण कच्च्या बलकाचे जितके पदार्थ होतात तितके उकडलेल्याचे होत नाहीत. लहान वाटीत वर चमचाभर थंड पाणी घालून आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवला, तर त्यावर कोरडा पापुद्रा धरत नाही. मात्र दोन दिवसांत तो संपवावा. नुसताच गोठवला तर तो चिकट आणि घट्ट होतो व पुन्हा पातळ होत नाही, म्हणून आधी त्यात थोडे मीठ किंवा साखर फेटून घ्यावी.

उकडलेल्या बलकाची खरी जागा रश्शात आहे. कांदा-खोबऱ्याचे वाटण तेल सुटेपर्यंत परतून, पाणी घालून रस्सा उकळला, की बलक चमच्याच्या पाठीने चुरडावेत, पळीभर गरम रस्सा घालून गुठळी राहणार नाही असे सारखे करावेत आणि आच मंद करून अगदी शेवटी पातेल्यात सोडावेत. रश्शाला दाटपणा येतो, खोबरे थोडे कमी घातले तरी चालते आणि तिखटाची धारही जरा बोथट होते. अंड्याच्या किंवा खिम्याच्या रश्शात हे उत्तम जमते. मटकीच्या उसळीत मात्र, माझ्या मते, करू नये. बटाट्याच्या पॅटिसमध्येही चुरडलेला बलक सहज मुरतो.

कच्च्या बलकाचे काय करावे हे पाहायचे, तर गोव्याकडे आणि त्यामागच्या पोर्तुगालकडे पाहावे. तिथल्या मठांत अंड्याचा पांढरा भाग कपड्यांना खळ देण्यासाठी वापरत आणि मागे राहिलेल्या बलकांचे गोड पदार्थ करत, असे परंपरेने सांगतात. म्हणजे अडचण आपलीच, फक्त पांढरे खाणारे मूल नव्हते. अवेरो गावचे ओव्होश मोलेश हे मुख्यतः बलक आणि साखर यांचेच असते. गोव्याची बेबिंका त्याच कुळातली: बलक, नारळाचे दूध, साखर, मैदा, तूप, जायफळ, आणि एक थर वरून भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. तिला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कामाच्या दिवशी एवढा खटाटोप कोण करणार, हे मलाही मान्य आहे.

त्यापेक्षा कस्टर्ड सोपे. अर्धा लिटर दुधाला तीन बलक साखर आणि थोड्या कॉर्नफ्लोअरबरोबर फेटावेत आणि गरम दूध बारीक धारेने त्यांवर ओतत ढवळावे. उलट केले, म्हणजे बलकच उकळत्या दुधात टाकले, तर गोड बुर्जी होते. मग मंद आचेवर ते घट्ट होईपर्यंत हात थांबवू नये. आपल्याकडे कस्टर्ड म्हणून डब्यातली जी पावडर वापरतात, तिच्यात अंडे मुळात नसतेच, कारण इंग्लंडमध्ये १८३७ साली आल्फ्रेड बर्ड यांनी ती अंडे न सोसणाऱ्या पत्नीसाठी तयार केली होती.

बलक टाकण्यामागे कोलेस्टेरॉलची धास्तीही असते. एका बलकात ते साधारण १८५ मिलिग्रॅम असते हे खरे. पण दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जी मर्यादा वर्षानुवर्षे सांगितली जात होती, ती अमेरिकेच्या २०१५ च्या आहार मार्गदर्शिकेतून काढून टाकण्यात आली. ज्यांना डॉक्टरांनी पथ्य सांगितले आहे त्यांनी ते पाळावे. बाकी अंड्यातली अ आणि ड जीवनसत्त्वे, कोलीन आणि बहुतेक सगळे लोह बलकात असते, शिवाय चाळीस टक्क्यांहून अधिक प्रथिनेही.

मूल बलक का सोडते, हेही एकदा पाहावे. अंडी फार वेळ उकळली, की बलकाभोवती हिरवट कडा येते, गंधकाचा वास सुटतो आणि तो भुसभुशीत घास टाळूला चिकटतो. दहा मिनिटांत उतरवून लगेच थंड पाण्यात टाकलेल्या अंड्याचा बलक काही मुले खातात. काही तरीही खात नाहीत, आणि मग कस्टर्ड आहेच. त्यात काय घातले आहे असे मुलाने विचारले, तर मात्र खरे सांगावे.