इंजिन उघडलंय काय?

कोल्हापुरात जुनी गाडी बघायला आलेला माणूस पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी विचारतो, "इंजिन उघडलंय काय?" म्हणजे, खोलून आतून कधी दुरुस्त केलंय काय. बाकीचे विकणारे "छे, पाना लागलेला न्हाई" म्हणून मोकळे होतात. मी छाती फुगवून सांगतो, "व्हय, पूर्ण!" आणि पाव्हणं चपला शोधायला लागतात.

गाडी 2002 ची होंडा सिटी व्हीटेक. दीड लिटरचं इंजिन, 106 अश्वशक्ती, एमएच 09. आरसी बुकात ती साधी चार दारांची गाडी आहे, माझ्या डोक्यात रेसची. गाडी जमिनीकडं बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा, पंधरा इंची अलॉय चाकं, मोकळा फ्री-फ्लो सायलेन्सर. त्याचा आवाज असा, की मी रंकाळ्याचा कोपरा वळलो की घरी आमटी गरम करायला ठेवतात.

करूळ घाट चढताना एकदा तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. "गगनबावडा आलाच की" म्हणत मी तशीच दामटली. गगनबावड्याआधी हेड गॅस्केट गेलं, म्हणजे इंजिन आणि त्याच्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग. अ‍ॅल्युमिनियमचं हेड ते, तापल्यावर पापडासारखं वाकलं. चूक शंभर टक्के माझी. घरी मात्र मी ती रेडिएटरच्या नावावर घातली आहे.

मग उद्यमनगर. शेतातल्या ऑइल इंजिनांवर हात बसलेल्या या गल्ल्यांत लेथचा आवाज थांबला तर माणसं दचकून जागी होतील. तिथं बोअर झालं, म्हणजे सिलिंडर आतून किंचित रुंद केले, त्यात 0.25 मिमी ओव्हरसाइजचे पिस्टन बसले, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, हेड फेसिंग करून सपाट, व्हॉल्व्ह घासून. मी रोज स्टुलावर बसून बघत होतो. होनिंग, म्हणजे शेवटची बारीक घासाई, झाल्यावर सिलिंडरच्या आत तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटतात. तेल त्यांच्यात धरून राहतं. त्या रेघांचा फोटो माझ्या मोबाइलच्या पडद्यावर आहे. मुलीचा होता, तो काढला. पुढचे हजार किलोमीटर रनिंग-इन म्हणून, नवे भाग एकमेकांत नीट बसावेत म्हणून, इतक्या हळू चालवली, की पन्हाळ्याच्या चढाला ऊस उतरवून आलेल्या ट्रॅक्टरनं मला हॉर्न दिला.

बायपास झालेल्या माणसाला आपण म्हणतो, "आता वीस वर्षं बघायला नको." इंजिनाच्या वाट्याला ही माया येत नाही.

पहिल्या पाव्हण्यानं बरोबर मिस्त्री आणला. मिस्त्रीनं ऑइलचं झाकण काढलं, धूर बघितला, ऑइल मोजायची डिपस्टिक हुंगली आणि माझ्याकडं न बघता पाव्हण्याला म्हणाला, "इंजिन झ्याक हाय. पण उघडलंय." दुसरे एक काका शिरोळहून आले. "शेतात जाईल काय?" मी म्हटलं, काका, ही आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरनंसुद्धा तिरकी जाते. तिसरा पोरगा नुसता अलॉयसमोर उकिडवा बसून रील काढून गेला. चौथ्याचा मेहुणा वकील निघाला. त्यानं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 तोंडपाठ म्हणून दाखवलं: गाडीत परस्पर बदल करायचे नाहीत. आता याला कसं सांगू, की 2017 ला आणि 2022 ला, दोन्ही पासिंगच्या आदल्या रात्री माळ्यावरचा कंपनीचा सायलेन्सर गौरीसारखा वाजतगाजत खाली येतो आणि पासिंग झालं की पुन्हा माळ्यावर जातो?

"अहो, एकदा खोटं बोला की," बायको म्हणाली. "रेडिएटरबद्दल बोलताय तसंच." म्हणजे ते तिला ठाऊक होतं तर.

गेल्या रविवारी एक म्हातारे गृहस्थ आले. हाताच्या रेघांत ग्रीस मुरलेलं. प्रश्न तोच. मी मान खाली घालून "व्हय" म्हटलं, तर ते उजळले. "बोअर कुठं केलं?" मी नाव सांगितलं. "हां, हात चांगलाय त्याचा." फोटो दाखवला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो इतका वेळ न्याहाळला, की माझे डोळे भरून आले. मग त्यांनी किंमत सांगितली. आजवरच्या सगळ्यांपेक्षा पाच हजार जास्त.

"फक्त इंजिनाचे," ते म्हणाले. "माझ्याकडं हीच गाडी हाय, बॉडी एक नंबर. बॉडी तुमची तुम्हाला ऱ्हाऊ दे."

"बॉडीचं मी काय करू?"

"कोंबड्या पाळा की."

गाडी अजून दारातच आहे, इंजिनासकट. शेजारच्यांची कोंबडी दोनदा खाली शिरायचा प्रयत्न करून परत गेली. तेवढी जागाच नाही.